दोन कंदिलांची जागा

गस्तीच्या गाडीची डिकी आवरायला हवी, हे हवालदारांना अकरा मिनिटं उशिरा कळलं.

त्या अकरा मिनिटांत घडलं ते असं. चौकाच्या वळणावर एका शिक्षिकाबाईंची सायकल घसरली आणि कोपर चांगलंच सोललं. गस्तीची गाडी नेमकी मागेच होती. हवालदार रुबाबात उतरले. "बाई, घाबरू नका, आमच्याकडे प्रथमोपचाराची पेटी आहे," असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, डिकी उघडली आणि आत वाकले. वाकले ते वाकलेच. पेटी होती, नाही असं नाही. पण ती दोरखंडाखाली होती, दोरखंड ढालींखाली होता, ढाली रस्ता अडवायच्या नारिंगी शंकूंखाली होत्या, आणि शंकू कुणाच्या तरी जुन्या रेनकोटात असे अडकले होते की जणू त्यांना जन्मठेप झाली आहे.

गर्दी जमली. गर्दी जमली की सल्ले आलेच. "उजवीकडे बघा, साहेब." "आधी मोठं मोठं बाहेर काढा." "अहो, माझा मेव्हणा गाडीत काही ठेवतच नाही, म्हणून त्याला सगळं सापडतं." हवालदार आणखी आत शिरले. शेवटी बाईंनी स्वतःच रुमाल काढून कोपराला बांधला, गाडीपाशी आल्या आणि हवालदारांच्या पाठीवर हलकेच थाप मारून म्हणाल्या, "राहू द्या हो. होतं असं एखाद्या दिवशी."

जखमी माणसाने पोलिसाला धीर द्यावा, असं सव्वीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच घडत होतं.

कुणीतरी याचा व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या फोनांवर पोचला. त्यात हवालदारांचा चेहरा कुठेच दिसत नव्हता, कारण चेहरा डिकीत होता. दिसत होता तो उरलेला भाग. म्हणून हवालदारांनी घरी मुद्दाम विषय काढला नाही. बायकोने व्हिडिओ एकदा पाहिला, चहा गाळता गाळता पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "अहो, मागच्या खिशाची शिलाई माझी आहे."

दुसऱ्या दिवशी वायरलेसवर त्यांना गाडीच्या नंबराने नव्हे, तर "डिकी" म्हणून हाक आली. तिसऱ्या दिवशी चहावाल्यानेही "डिकीसाहेब, साखर कमी ना?" असं विचारलं. आणि चौथ्या दिवशी ठाण्याच्या साहेबांनी बोलावून घेतलं.

"तीन आठवड्यांनी वाहनांची तपासणी आहे. वरून मॅडम येणार आहेत. डिकीत काही कमी-जास्त निघालं, तर गाडी दुसऱ्याला देतील. मग तुम्ही आवक-जावकला बसा. आरामाचं काम आहे."

आवक-जावकचं टेबल जिन्याखाली होतं. कागद तिथे येत आणि जात. बसणारा माणूस मात्र जात नसे. खिडकी नव्हती. जिन्यावरून कोण उतरतंय, हे तिथल्या माणसाला पायांवरून ओळखावं लागे. हवालदारांनी आयुष्य रस्त्यावर काढलं होतं. कोणत्या गल्लीतलं कुत्रं कोणाला भुंकतं, कोणत्या आजी दुपारी कडी न लावता झोपतात, हे त्यांना पाठ होतं. हे सगळं ज्ञान घेऊन आता जिन्याखाली बसायचं होतं. त्यात साहेबांच्या खोलीतून बाहेर येताना दारावरच्या शिपायाने विचारलं, "हवालदारसाहेब, खुर्चीला उशी लागेल का? आत्ताच सांगून ठेवतो, मिळायला वेळ लागतो."

गाडी चालवायला त्यांच्याबरोबर एक शिपाई होती. वय तिशीचं, तोंडात कायम शेंगदाणे आणि बोलणं मोजकं. तिला सगळे ताई म्हणत. ती हवालदारांना काका म्हणे. "काका," ती म्हणाली, "आवरायचं ना? एक दुपार पुरेल."

थोरामोठ्यांची साम्राज्यं याच वाक्यावर बुडाली असावीत.

आवरायला आधी यादी हवी, म्हणून हवालदार स्टोअरच्या कारकुनांकडे गेले. यादी मिळाली. एकूण एकेचाळीस वस्तू. ही यादी मुळात या गाडीची नव्हतीच. आधीच्या जीपची होती, आणि जीपला ती तिच्याही आधीच्या गाडीकडून मिळाली होती. गाडी नव्या माणसाच्या ताब्यात आली की त्याने खाली "सर्व बरोबर" लिहून सही करायची पद्धत होती. डिकी उघडून बघायची पद्धत नव्हती. खाली आठ सह्या होत्या. आठवी हवालदारांची स्वतःची होती, आणि तीही अशी झोकदार की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाने प्रत्येक वस्तू हातात घेऊन पुसून पाहिली असेल.

सदतिसाव्या क्रमांकावर लिहिलं होतं: कंदील, दोन.

"कंदील?" हवालदार म्हणाले. "मी तर कधी पाहिले नाहीत."

"मीही नाही," कारकून म्हणाले. "पण आहेत. यादीत आहेत म्हणजे आहेत. तुम्ही 'नाहीत' असं लिहिलंत, तर कुठे गेले याची चौकशी लागेल. तुम्ही 'बरोबर' लिहिलंत, तर कुठेच गेले नाहीत. मग तुम्हीच ठरवा, कंदील कोणी हरवले."

"बरं, सामान बांधायला पट्टे, पिशव्या काही मिळतील का?"

"पिशव्या आहेत. उत्तम आहेत, खणांच्या. पण त्या घोडेस्वार पथकाला मंजूर आहेत."

"आपल्याकडे घोडे कुठे आहेत?"

"नाहीत ना. म्हणूनच शिल्लक आहेत," कारकून म्हणाले आणि चष्म्यावरून बघत आशेने विचारलं, "तुमच्याकडे घोडा आहे का?"

जेवणाच्या सुट्टीत गाडी घराखाली उभी करून काम सुरू झालं. पोलिसांची गाडी इमारतीखाली दोन दिवस लागोपाठ दिसली, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूने कारण नसताना दाढी केली आणि सगळ्यांशी गोड बोलायला लागला. बाकीचे मात्र सल्ला द्यायला खाली आले. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट सरकारी असावा, म्हणजे चाऱ्याची काळजी नाही.

समोरच्या घरातल्या काकांनी तीस वर्षं लोकांची घरं हलवली होती. सगळे त्यांना पॅकिंगकाका म्हणत. "हवालदार, यात शास्त्र आहे," ते म्हणाले. "जड खाली, हलकं वर, आणि मध्ये हवासुद्धा शिरता कामा नये." त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तासाभरात डिकी अशी भरली की ती वीट वाटावी. झाकण लावताना आवाजही झाला नाही. हवालदारांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात गाडी पंक्चर झाली. जादा चाक डिकीच्या तळाखाली होतं. सगळ्यात खाली. शास्त्राच्याही खाली.

एकोणचाळीस वस्तू फूटपाथवर मांडाव्या लागल्या. ढाली एका ओळीत, शंकू एका ओळीत, हेल्मेटं पुढे. ताई चाक बदलत होती आणि हवालदार त्या मांडलेल्या संसाराजवळ उभे होते, तेवढ्यात एक गृहस्थ आले, हेल्मेट उचलून वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "केवढ्याला दिलं?" हवालदारांनी त्यांच्याकडे जे बघितलं, त्या बघण्याला कायद्यात कलम नाही. गृहस्थ म्हणाले, "नाही, वापरलेलं दिसतंय म्हणून विचारलं."

मग वरच्या मजल्यावरच्या ग्रंथपालबाई आल्या. "वर्णक्रम," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांच्या आवाजातच असं काही होतं की माणूस आपोआप हळू बोलायला लागे. त्यांनी प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवली आणि अग्निशामकापासून हेल्मेटापर्यंत सगळं ओळीने लावून दिलं. पाहायला फारच सुंदर. दोनच दिवसांनी रस्त्यावर झाडाची फांदी पडली. हवालदार ओरडले, "शंकू काढ!" ताईने 'श' गाठला, तिथे शिट्टी होती. "काका, कोन म्हणून लावलेत का?" 'क' मध्ये कुऱ्हाड होती. मग दोघांनी सगळी बाराखडी उपसली. अखेर शंकू सापडले ते 'र' मध्ये, कारण बाईंनी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं: रस्तारोधक. तोवर लोकांनी चहावाल्याची दोन स्टुलं रस्त्यात मांडून वाहतूक वळवलीसुद्धा होती. चहावाला म्हणाला, "डिकीसाहेब, तुमचं चालू द्या सावकाश. स्टुलं संध्याकाळी दिली तरी चालतील."

त्या संध्याकाळी हवालदार घरी आले ते बूट न काढता खुर्चीत बसले. बायकोने बुटांकडे पाहिलं आणि काही बोलली नाही, यावरूनच प्रसंग किती गंभीर होता ते कळावं.

"उशी घ्यावी म्हणतो," हवालदार म्हणाले.

"कसली उशी?"

"आवक-जावकच्या खुर्चीला."

बायकोने गॅस बारीक केला आणि समोर येऊन बसली. "इतके दिवस सगळी इमारत येऊन सांगून गेली. मला विचारलंत का एकदा तरी?"

"अगं, ते पोलिसी सामान आहे."

"आणि हे?" तिने मागच्या ओट्याकडे बोट केलं. "या एवढ्याशा ओट्यावर मी बावीस वर्षं सगळ्या घराचं बघते. लाइट गेले तरी मिठाचा डबा मला हाताने सापडतो. तुम्हाला दिवसाउजेडी पेटी सापडत नाही. मग कोणाचं सामान अवघड?"

हातच्या काकणाला आरसा कशाला.

"रोज लागतं ते हाताशी," बायको म्हणाली. "आठवड्याला लागतं ते मागे. पाहुणे आल्यावर लागतं ते माळ्यावर. ढाल कधी लागते?"

"दंगल झाली तर."

"शेवटची कधी झाली?"

हवालदारांनी आठवलं. "आठ वर्षं झाली असतील."

"म्हणजे पाहुण्यांची. ती उभी ठेवा, सीटच्या पाठीला, ताटं ठेवतो तशी. मग रोज काय लागतं?"

इथे हवालदार अडकले. सव्वीस वर्षं रस्त्यावर काढूनही रोज काय लागतं, हे त्यांना सांगता येईना. तेव्हा बायकोने फर्मान काढलं: आठवडाभर वहीत लिहून ठेवायचं, दर वेळी डिकीतून काय काढलं आणि काय हवं होतं पण नव्हतं.

ताईने वही ठेवली. आठ दिवसांनी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली गेली. ढाल, शून्य. हेल्मेट, शून्य. कुऱ्हाड, शून्य. शंकू, दोन वेळा. दोर, तीन वेळा, तिन्ही वेळा कुणाची तरी बंद पडलेली स्कूटर ओढायला. पाणी, एकोणीस वेळा. छत्री हवी होती, नव्हती. सेफ्टी पिन हवी होती, नव्हती. एक बाई साडीचा फाटका पदर धरून अर्धा तास बसथांब्यावर उभ्या होत्या. वाचायचा चष्मा हवा होता, नव्हता. एका आजोबांना औषधाच्या बाटलीवरचं वाचता येत नव्हतं, ते ताईने वाचून दाखवलं. आणि शेवटी एक ओळ: चप्पल हवी होती, नव्हती.

"चप्पल कोणाला?" बायकोने विचारलं.

हवालदारांनी सांगितलं. पलीकडच्या वसाहतीतले एक म्हातारे गृहस्थ घराचा रस्ता विसरले होते. तापलेल्या डांबरावर अनवाणी चालत होते. गाडीत बसा म्हटलं तर बसेनात. 'अनवाणी पायाने दुसऱ्याच्या गाडीत बसत नसतात,' एवढंच म्हणत होते. शेवटी हवालदारांनी आपले बूट काढून त्यांना घातले, तेव्हा कुठे ते बसले. हवालदार मोज्यांवर त्यांच्या दारापर्यंत गेले.

बायकोने उठून कपाटातून जुना पडदा काढला आणि मशीनवर बसली.

पडदा चांगला जाड होता. दोष एकच, त्यावर परडीएवढी पिवळी सूर्यफुलं होती. दोन दिवसांत त्याचे कप्पे झाले. यादीतल्या प्रत्येक वस्तूला एक, वर शिवलेली नावाची पट्टी. पुढच्या रांगेत पाणी, छत्री, पिना, चष्मा, बिस्किटं आणि हवालदारांच्या जुन्या, पण पॉलिश केलेल्या चपला. "कंदिलांचाही कप्पा शिव," हवालदार म्हणाले. "ते नाहीत, पण यादीत आहेत." तिने एक ऐसपैस कप्पा शिवला, त्यावर 'कंदील' अशी पट्टी लावली आणि तो रिकामा ठेवला. "नसलेल्या पाहुण्याचं पान मांडल्यासारखं झालं," ती म्हणाली.

मग तालीम. बायको गॅलरीतून यादी वाचे, हवालदार खाली डिकीपाशी डोळे मिटून उभे. "दोर!" "हा घे!" "अग्निशामक!" "हा घे!" तिसऱ्या दिवशी सगळी इमारत गॅलऱ्यांत होती. पॅकिंगकाका शास्त्राचा अपमान झाल्यासारखा चेहरा करून बघत होते, पण घड्याळ त्यांच्याच हातात होतं आणि "चार सेकंद!" हे तेच ओरडत होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी हवालदारांनी यादी पुढ्यात घेतली. तपासणीसाठी नववी सही करायची होती. सदतीस क्रमांकापाशी पेन थांबलं.

"कारकून म्हणतात, 'बरोबर' लिहा."

"तुम्हाला काय वाटतं?" बायकोने विचारलं.

"आठ जणांनी लिहिलंय."

"मी ते नाही विचारलं."

हवालदारांनी लिहिलं: कंदील नाहीत. मी आल्यापासून पाहिलेले नाहीत. गेल्या वर्षी न बघता सही केली, ती चूक माझी. मग सही केली. ती नेहमीइतकी झोकदार आली नाही, पण वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या अंगणात गाड्या ओळीने उभ्या राहिल्या. मॅडम उंच, केस पांढरे होऊ लागलेले, बोलणं तुटक. त्यांनी डिकी उघडली आणि सूर्यफुलं बाहेर आली. शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर खोकला. तो खोकला नव्हता.

"हे काय?"

"पडदा आहे, मॅडम."

"ते दिसतंय." त्यांनी यादी हातात घेतली. "दोर."

"हा घे!" तालमीची सवय तोंडातून गेली. पण मॅडमच्या हातात दोर होता. "अग्निशामक." तोही आला. "प्रथमोपचार पेटी." हवालदारांनी ती न बघता काढली. ओळीतल्या सगळ्या पोलिसांनी तो व्हिडिओ पाहिलेला होता, खोकला थांबला.

मग मॅडमची नजर पुढच्या रांगेवर गेली. "छत्री. चष्मा. बिस्किटं." त्यांनी एक चप्पल दोन बोटांत उचलली. "हवालदार, ही पोलिसांची गाडी आहे की फेरीवाल्याची? यादीत नसलेल्या वस्तूला सरकारी वाहनात जागा नाही. नियम आहे. हे सगळं काढा."

हवालदारांच्या डोळ्यांसमोर जिन्याखालचं टेबल आलं. उशीही दिसली. तेवढ्यात ताईने शेंगदाणे गिळले आणि वही पुढे केली. "मॅडम, एवढं वाचा मग काढतो."

मॅडमनी वही चाळली. शून्य, शून्य, शून्य, एकोणीस. शेवटच्या ओळीशी थांबल्या. "चप्पल कोणाला हवी होती?"

हवालदारांनी सांगितलं. बुटांचं ते सांगणार नव्हते. ते ताईने सांगितलं.

मॅडमनी चप्पल परत जिथल्या तिथे ठेवली, नीट, जोडीने. "पण नियम तोच राहतो," त्या म्हणाल्या. आवाज मात्र आधीचा नव्हता. त्या यादीकडे वळल्या, बोट एकेका ओळीवरून खाली नेत. सदतिसावर थांबल्या. हवालदारांनी लिहिलेलं वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग नऊ सह्या खालून वर बघत गेल्या आणि सगळ्यात वरच्या सहीपाशी त्यांचं बोट बराच वेळ राहिलं.

"ही पहिली सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या.

मॅडमचं पहिलं ठाणं हेच होतं, हे तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं.

"गाडीचा चार्ज घेतला तेव्हाची. 'सर्व बरोबर.'" त्यांनी चष्मा काढला. "त्या दिवशी फार घाई होती." मग खाली बघत, "नाही. घाई नव्हती. उघडूनच पाहिली नाही."

सव्वीस वर्षांत सुचलं नव्हतं ते हवालदारांना नेमकं त्या क्षणी सुचलं.

"मॅडम, कंदील नाहीत. पण कंदिलांना जागा मंजूर आहे. ती रिकामीच आहे."

मॅडमनी त्या रिकाम्या ऐसपैस कप्प्याकडे पाहिलं. मग चपलांकडे. मग हवालदारांकडे. मग पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: कंदील मिळेपर्यंत त्यांच्या मंजूर जागेत जनतेच्या उपयोगाच्या इतर वस्तू ठेवण्यास हरकत नाही. खाली सही केली. डिकीत एकदा वाकून, नीट बघून.

"आणि कंदील शोधायची घाई करू नका," जाता जाता त्या म्हणाल्या.

आवक-जावकची उशी शेवटी स्टोअरच्या कारकुनांनी नेली. ते म्हणतात, ती घोडेस्वार पथकाच्या नावावर आली आहे.

महिनाभराने एका दुपारी वायरलेस खरखरला. "डिकी, डिकी, कंट्रोल." हल्ली हवालदार या हाकेला लगेच उत्तर देत, ताईच्या मते तर जरा जास्तच लगेच. "बाजाराच्या मागे एक आजी आहेत, अनवाणी आहेत, कुठे जायचं ते त्यांना आठवत नाही. जवळच्या गाडीकडे काही नाही. तुमच्या कंदिलात बायकांची चप्पल आहे का?"

"आहे," हवालदार म्हणाले. गेल्याच आठवड्यात बायकोने आपली जोडी धुऊन, नवा पट्टा लावून त्या कप्प्यात ठेवली होती. "दोन मिनिटांत येतो."

ताईने गाडी वळवली. आजींभोवती गर्दी होतीच, आणि त्यात फोन वर धरलेले दोघे-तिघेही होते. हवालदार उतरले, डिकी उघडली. आत वाकावं लागलं नाही. हात घालायचाच अवकाश होता.

मग ते रस्त्यावर गुडघ्यावर बसले, चपला आजींच्या पायांपुढे नीट जोडीने ठेवल्या आणि म्हणाले, "आजी, आधी डावा."

या वेळच्या व्हिडिओत त्यांचा चेहरा आला.